अंगणाचा उतार

तीन पावसाळे झाले,
तुळशीपुढे घोट्याएवढं पाणी येऊन बसतं
आणि उठायचं नाव घेत नाही,
आग्रह न करताही राहिलेल्या पाहुण्यासारखं.
चौथ्याची वाट न बघता
मी मार्चमध्येच फोन फिरवायला घेतले.

पहिला फोंड्याहून आला, इस्त्रीच्या शर्टात.
मोबाइलवर चित्र दाखवलं: चर, खडी, भोकाभोकांचा पाइप.
‘फ्रेंच ड्रेन,’ म्हणाला.
म्हटलं, पोर्तुगीज जाऊन इतकी वर्षं झाली,
आता अंगणाखालून फ्रेंच?
तो हसला नाही. आकडा सांगितला.
मग मीही हसले नाही.

दुसऱ्याने पाच हजार आगाऊ घेतले
आणि एक फावडं ठेवून गेला.
फावडं अजून आहे.

तिसरा सांतान, बोरीच्या पुलापलीकडून, लोटलीचा.
स्कूटरच्या हँडलला वेटोळं घातलेली प्लास्टिकची नळी.
पाणी विचारलं, तांब्या दिला,
अर्धा प्यायला, उरलेला पेव्हरवर ओतला
आणि उकिडवा बसून बघत राहिला.
बराच वेळ.
मग म्हणाला, ‘उदक खंय सोडपाचें, तें पयलीं सांग, बाय.’

कुठून येतं ते मला तोंडपाठ होतं.
टेकडीवरचे नवे बंगले, त्यांची निळी तळी,
त्यांच्या मालकांना मी तीन वर्षं
नावं माहीत नसताना शिव्या देत होते.
कुठे जायचं त्याने,
हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

नळीचं एक टोक त्याने माझ्या हातात दिलं,
दुसरं घेऊन विहिरीपर्यंत गेला.
‘कितलें?’
‘बोटभर वर.’
‘आतां?’
‘खाली. अजून खाली.’
अडतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं मी,
आणि ज्या अंगणाला सपाट म्हणत आले
ते घराकडेच चार बोटं कललेलं निघालं.

यमनप्पाने पेव्हर उचलले.
पहार खणकन वाजली.
खाली चिऱ्यांचा पाट, वीतभर रुंद,
मातीने, नारळाच्या शेंड्यांनी, मांडवाच्या सुतळीने गच्च.
कुणी बुजवला, सांतानने विचारलं नाही.
मीच सांगितलं.
सुलभाच्या लग्नात खांब नीट बसेनात.
हे नको म्हणत होते.
मी म्हटलं, चार दिवसांचं तर काम,
नंतर उकरू.

नंतर वर पेव्हर आले.
आणि दर पावसाळ्यात रात्री दोनला
हे काठी घेऊन मागच्या कोपऱ्यात,
टॉर्च दातांत धरून,
काहीतरी ढोसत उभे असायचे.
मला वाटायचं, म्हातारपण, झोप लागत नसेल.
खिडकीतून ओरडायचे, आत या, भिजाल.
यायचे. पाय पुसायचे. बोलायचे नाहीत.
त्यांना जाऊनही
तीन पावसाळेच झाले.

पाटाचं तोंड क्लोतिल्दच्या कुंपणात.
तिने ते सिमेंटने लिंपलेलं.
‘तुझ्या भांड्यांचं साबणपाणी माझ्या अबोलीत,’ म्हणाली,
आणि हे ती मला
बारा वर्षांनी पहिल्यांदा सांगत होती.
जाळी बसवायची, साबणाचं वेगळं काढायचं,
एवढ्यावर मिटलं.
तिच्या व्हरांड्यातून उठताना
दोन कैऱ्याही मिळाल्या.

मेच्या शेवटी दोन कळशा ओतून पाहिल्या.
पाणी निघालं, तुळशीजवळ घुटमळलं,
मला वाटलं, झालं, बसतंय आता.
मग पातळ होऊन वळलं
आणि कुंपणाखालून गेलं.
पलीकडून क्लोतिल्दची कोंबडी ओरडली.

सांतानने हिशेब सिमेंटच्या पोत्यावर लिहिला,
पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.
‘गॅरंटी?’ मी विचारलं.
त्याने नळी गुंडाळली, हँडलला अडकवली.
‘जुलयांत एक रात उठून पळय. पानां आडकतात.
कोयतो, काठी, कितें तरी हातांत आसूं दी.’

म्हटलं, फावडं आहे.